मेंढी, मांस आणि चराईचा हक्क : जाम परिसराच्या संदर्भात पूर्व विदर्भातील मेंढीपालनाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

नागपूरहून हैदराबादकडे जाणारा महामार्ग आणि वरोरा-चंद्रपूरकडे जाणारा रस्ता ज्या ठिकाणी परस्परांपासून वेगळे होतात, ते वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुक्यातील जाम हे गाव होय. सभोवतालचा प्रदेश काळ्या कसदार जमिनीचा असून कापूस, तूर आणि सोयाबीन ही आजची मुख्य पिके आहेत. जवळच असलेले हिंगणघाट एकोणिसाव्या शतकापासून कापसाची बाजारपेठ म्हणून प्रसिद्ध आहे. या जिल्ह्याचा इतिहास लिहिताना कापूस, खादी, ग्रामोद्योग आणि गोसेवा यांचा विचार अपरिहार्यपणे होतो. १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची आणि १९४१ मध्ये गोसेवा संघाची स्थापना वर्धा येथेच झाली. ‘गवळाऊ’ या गोवंशाची ओळखही याच जिल्ह्याशी जोडली गेली आहे. मात्र या सर्व लेखनात मेंढी हा प्राणी जवळजवळ आढळत नाही.

महाराष्ट्रातील मेंढपाळ समाजाचा सांस्कृतिक अभ्यास विपुल झाला आहे. गुंथर सोन्थायमर यांचे बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा या दैवतांवरील संशोधन आणि रा. चिं. ढेरे यांचा ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) हा ग्रंथ ही त्याची ठळक उदाहरणे होत. परंतु या अभ्यासाचा केंद्रबिंदू पश्चिम महाराष्ट्र व दख्खनचे पठार हा राहिला. पूर्व विदर्भातील मेंढपाळ आणि तेथील कृषिव्यवस्थेत मेंढीचे स्थान हा विषय त्या मानाने उपेक्षित राहिला आहे.

अलीकडच्या काळात लहान शेतकरी कुटुंबाने पूरक व्यवसाय म्हणून मांसासाठी मेंढ्या पाळाव्यात, असा विचार शासकीय योजनांतून व कृषिविस्तार कार्यक्रमांतून सातत्याने मांडला जातो. त्यात मेंढीची जात, वजनवाढ, लसीकरण आणि अनुदान यांची चर्चा असते. मेंढी चरणार कोठे, हा प्रश्न मात्र गृहीत धरला जातो. मांसासाठी मेंढीपालनाचा पूर्व विदर्भातील इतिहास हा मूलतः चराईच्या जागेचा व त्या जागेवरील हक्काचा इतिहास आहे, आणि तो लक्षात न घेता आखलेली कोणतीही योजना अपुरी ठरते, हे दाखविणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

कृषिव्यवस्थेतील मेंढीचे पारंपरिक स्थान

पूर्व विदर्भातील मेंढी परंपरेने शेतकऱ्याच्या गोठ्यातील जनावर नव्हती. बैल, गाय आणि म्हैस ही कुणब्याच्या घरची जनावरे. शेळी ही भूमिहीन व अल्पभूधारकाची. तर मेंढी ही मेंढपाळ जातींची, अशी साधारण विभागणी होती. वर्धा, नागपूर, चंद्रपूर, यवतमाळ व गडचिरोली या जिल्ह्यांत धनगरांच्या विविध शाखांबरोबर कुरमार या समाजाची वस्ती आहे. रसेल व हिरालाल यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील ग्रंथात ‘कुरमवार’ या नावाने या समाजाची नोंद असून, त्याचा संबंध तेलंगणातील कुरुमा या मेंढपाळ जातीशी जोडला आहे. मध्य प्रांतात त्यांची वस्ती चांदा जिल्ह्यात असल्याचे तेथे नमूद आहे. म्हणजेच जामवरून चंद्रपूर व हैदराबादकडे जाणारे आजचे रस्ते ज्या प्रदेशांना जोडतात, त्यांचा मेंढपाळांच्या द्वारे आलेला संबंध या रस्त्यांहून जुना आहे.

या व्यवस्थेत मेंढीपासून तीन प्रकारचे उत्पन्न मिळत असे. पहिले लोकर. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी व बहुधा काळी असते. तिच्यापासून विणलेली घोंगडी हे शेतकऱ्याचे पावसाळ्यातील व हिवाळ्यातील आवश्यक वस्त्र होते. दुसरे खत. पीक निघाल्यानंतर शेतात रात्री मेंढ्या बसविण्याची प्रथा सर्वत्र होती व त्याचा मोबदला धान्याच्या किंवा रोख रकमेच्या रूपाने मेंढपाळास मिळे. शेळ्या-मेंढ्यांच्या खतात सुमारे ३ टक्के नत्र, १ टक्का स्फुरद व २ टक्के पालाश असल्याचे कृषिविद्येच्या पाठ्यपुस्तकांत दिलेले असते; साध्या शेणखतापेक्षा हे प्रमाण कितीतरी अधिक आहे. शिवाय ते वाहून आणण्याचा खर्च नव्हता. मेंढी स्वतःच ते शेतात आणून टाकत असे. तिसरे उत्पन्न मांसाचे. कळपातील नर कोकरे विकली जात, परंतु कळप टिकविणे हे मुख्य ध्येय असल्यामुळे मांस हे या व्यवसायाचे एकमेव प्रयोजन नव्हते.

या तिन्ही उत्पन्नांचा पाया एकच होता. मेंढपाळाकडे स्वतःची जमीन अल्प वा मुळीच नसे, पण वर्षाच्या निरनिराळ्या काळात निरनिराळ्या जमिनींवर त्याला प्रवेश असे. माघ-फाल्गुनानंतर पऱ्हाटीची, तुरीची व ज्वारीची वावरे मोकळी होत आणि उन्हाळाभर कळप तेथे चरत. पेरणी झाली की वावरे बंद होत. मग आषाढापासून आश्विनापर्यंत गावाची पडीत जमीन, टेकड्यांचे उतार, झुडपांचे माळ व जंगलाच्या कडा हाच आधार उरे. काळ्या जमिनीत पावसाळ्यात चिखल होतो व त्यात सतत उभ्या राहिलेल्या मेंढ्यांच्या खुरांना रोग जडतो. त्यामुळेही या काळात निचऱ्याच्या, उंचवट्याच्या जमिनीची गरज असे. पावसाळ्यातील हे चार महिने कळप कोठे राहणार, यावर मेंढपाळाचे संपूर्ण वर्ष अवलंबून होते. पुढील काळातील जवळजवळ प्रत्येक बदल या चार महिन्यांच्या जागेवर आघात करणारा ठरला.

कापूस, वन आणि चराई : १८६१ ते १९४७

नागपूरचे भोसले राज्य १८५४ मध्ये खालसा झाल्यानंतर १८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती झाली आणि १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वर्धा हा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला. याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-१८६५) इंग्लंडच्या गिरण्यांना भारतीय कापसाची निकड भासू लागली. हिंगणघाटचा कापूस त्याच्या धाग्यामुळे आधीच नावाजलेला होता. १८६७ मध्ये नागपूरपर्यंत रेल्वे पोहोचली आणि वर्ध्याच्या खोऱ्यातील शेती जागतिक बाजाराशी थेट जोडली गेली. कापसाखालील क्षेत्र वाढणे याचा अर्थ काही प्रमाणात पडीत व गवताची जमीन नांगराखाली येणे असाच होता. शेजारच्या वऱ्हाडातील पशुधनासंबंधी लक्ष्मण सत्या यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कापसाचा विस्तार आणि सामायिक चराईचा ऱ्हास यांतील नाते सविस्तर दाखविले आहे. प्रशासनाची चौकट भिन्न असली, तरी तेच आर्थिक बळ वर्धा जिल्ह्यातही कार्यरत होते.

दुसरा बदल वनव्यवस्थेतील होता. १८७८ च्या भारतीय वन अधिनियमाने राखीव व संरक्षित वनांची कल्पना दृढ केली. चराई ही हक्काऐवजी सवलत मानली गेली आणि ती शुल्क भरून घ्यावी लागू लागली. वनाधिकाऱ्यांच्या दृष्टीने शेळ्या-मेंढ्या ही रोपांना हानी पोहोचविणारी जनावरे होती. शेतीस उपयोगी अशा बैल-गाईंना जी सहानुभूती मिळे, ती त्यांना मिळत नसे. १९२७ च्या अधिनियमाने हीच चौकट पुढे चालू ठेवली. १८९३ मध्ये आपला अहवाल सादर करणाऱ्या व्होल्कर यांनी जळण व चारा यांसाठी गावालगत राखीव क्षेत्रे निर्माण करावीत अशी शिफारस केली होती. मात्र त्या विचारात केंद्रस्थानी शेतकरी व त्याचे शेणखत होते. फिरता मेंढपाळ नव्हता.

तिसरा घटक मालगुजारीचा. मध्य प्रांतात गावाचा सारा भरण्याची जबाबदारी व मालकीहक्क मालगुजाराकडे देण्यात आले. गावातील पडीत जमीन त्याच्या ताब्यात आली. जळण, इमारती लाकूड व चराई यांविषयी ग्रामस्थांच्या वहिवाटी ‘निस्तार’ या नावाने मान्य होत्या. परंतु निस्ताराचा धनी हा त्या गावचा रहिवासी होता. वर्षातून काही महिने येणारा कळप हा गावाच्या दृष्टीने उपयुक्त असला, तरी कागदावर तो पाहुणाच होता. मेंढपाळाचा प्रवेश हा लेखी हक्कावर आधारलेला नसून परस्पर गरजेवर व ओळखीवर आधारलेला होता. शेतकऱ्याला खताची गरज असेतोपर्यंत ही व्यवस्था निभावली. ती गरज संपताच मेंढपाळाच्या हाती दाखविण्यासारखे काही उरले नाही.

निस्तार पत्रक ते झुडपी जंगल

मध्य प्रदेश राज्याच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी नष्ट झाली आणि ३१ मार्च १९५१ पासून गावोगावच्या पडीत जमिनी शासनाकडे निहित झाल्या. वर्धा जिल्हा त्या वेळी मध्य प्रदेशात होता; १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात व १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. शासनाकडे आलेल्या जमिनींपैकी झाडोरा असलेल्या परंतु घनदाट वन नसलेल्या जमिनींची नोंद महसुली कागदपत्रांत ‘झुडपी जंगल’ अशी करण्यात आली. गावाच्या निस्तार पत्रकात त्या गुरे चारणे, जळण व तत्सम सामायिक उपयोगांसाठी दाखविल्या गेल्या. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम १६१ नेही निस्तार पत्रकाची तरतूद कायम ठेवली. अमरावती विभागातील ‘ई-वर्ग’ जमिनींना जे स्थान आहे, तेच सर्वसाधारणपणे पूर्व विदर्भातील झुडपी जंगलांना आहे, असे म्हणता येईल.

मेंढपाळाच्या दृष्टीने झुडपी जंगल ही अत्यंत मोलाची जमीन होती. हलकी, मुरमाड, निचऱ्याची माती, विरळ झुडपे व पावसाळ्यात उगवणारे आखूड गवत हे मेंढीच्या चरण्याच्या सवयीस नेमके अनुकूल असते. पावसाळ्यातील चार महिन्यांचा प्रश्न ही जमीन सोडवीत असे. मात्र शासकीय वर्गवारीत तिला निश्चित स्थान नव्हते. महसूल खाते तिला पडीत मानून वसाहती, शाळा, रस्ते, उद्योग व शेती यांसाठी तिचे वाटप करीत होते, तर वन खाते तिला वन मानीत होते. १९८० च्या वन (संवर्धन) अधिनियमानंतर हा वाद तीव्र झाला. सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात १२ डिसेंबर १९९६ रोजी दिलेल्या आदेशाने वनाचा शब्दकोशातील अर्थ ग्राह्य धरला, तेव्हा झुडपी जंगलही त्या कक्षेत आले. या सर्व वादात ‘वन की विकास’ असे दोनच पक्ष उभे राहिले. जमिनीचा मूळ नोंदलेला उपयोग जो चराई, तो चर्चेच्या कडेला पडला.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चराईच्या जागेवर आणखी एक ताण आला. कच्छ-सौराष्ट्रातील रबारी व भरवाड पशुपालक आपले कळप घेऊन विदर्भात येऊ लागले. स्थानिक बोलीत त्यांना ‘काठेवाडी’ म्हणतात. आक्रसत जाणाऱ्या माळरानावर स्थानिक कुरमार-धनगर, बाहेरून आलेले पशुपालक आणि गावातील गुरेराखे यांची स्पर्धा सुरू झाली. या संघर्षाची कारणे बहुधा ‘बाहेरचे’ आणि ‘आतले’ या भाषेत मांडली जातात. परंतु त्यामागे सामायिक जमिनीचे घटलेले क्षेत्र हे अधिक मूलभूत कारण आहे.

लोकरीकडून मांसाकडे

स्वातंत्र्योत्तर काळातील मेंढीविषयक धोरणाचा प्रारंभ लोकरीपासून झाला. १९६२ मध्ये राजस्थानातील अविकानगर येथे केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था स्थापन झाली. मेरिनो व रॅम्ब्युले या विदेशी जातींच्या नरांशी देशी मेंढ्यांचा संकर करून लोकरीचा दर्जा सुधारण्याचे प्रयोग विविध राज्यांत व महाराष्ट्रातही झाले. १९७८ मध्ये महाराष्ट्रात मेंढी व शेळी विकास महामंडळ स्थापन झाले. त्यालाच पुढे पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे नाव देण्यात आले. विदर्भात अमरावती जिल्ह्यातील पोहरा व नागपूर जिल्ह्यातील बोंद्री येथे महामंडळाची प्रक्षेत्रे आहेत.

परंतु बाजार वेगळ्या दिशेने जात होता. कृत्रिम धाग्यांच्या स्वस्त चादरी व ब्लँकेटे आल्यावर घोंगडीची मागणी ओसरली. जाड काळ्या लोकरीला भाव उरला नाही. अनेक ठिकाणी लोकर कातरण्याची मजुरी लोकरीच्या किमतीपेक्षा अधिक होऊ लागली. दुसरीकडे रासायनिक खतांच्या प्रसारामुळे मेंढ्या बसविण्याची गरजही कमी झाली. तीन उत्पन्नांपैकी दोन अशा रीतीने क्षीण झाली आणि मांस हे एकच उरले. म्हणून मांसासाठी मेंढीपालन हे केवळ वाढत्या मागणीतून निर्माण झाले असे मानणे अपुरे ठरेल. उर्वरित आधार निखळल्यामुळे मेंढपाळ मांसाच्या बाजारावर संपूर्णतः विसंबून राहिला, ही त्याची दुसरी बाजू आहे.

मांसाच्या या बाजाराचा भूगोलही लक्षणीय आहे. नागपूर परिसरात ‘मटण’ म्हटले की प्रथम बोकडाचे मांस डोळ्यांसमोर येते. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे १०६ लाख शेळ्या आणि केवळ २७ लाख मेंढ्या होत्या. याउलट तेलंगणात मेंढीच्या मांसाला प्राधान्य असून त्याच गणनेत त्या राज्यातील मेंढ्यांची संख्या सुमारे १९१ लाख, म्हणजे देशात सर्वाधिक होती. हैदराबाद ही दख्खनमधील मेंढीच्या मांसाची मोठी बाजारपेठ आहे. जामवरून दक्षिणेकडे जाणारा महामार्ग या मागणीच्या प्रदेशाकडे नेणारा आहे. त्यामुळे पूर्व विदर्भातील मेंढीच्या भावाचा विचार तेलंगणाच्या मागणीपासून अलग करता येत नाही.

तेलंगणाच्या अनुभवाचा आणखी एक पैलू येथे विचारात घ्यावा लागतो. तेथे लोकरी दख्खनी मेंढीची जागा उंच, केसाळ व मांसल अशा नेल्लोर जातीने मोठ्या प्रमाणावर घेतली. वजनाच्या दृष्टीने हा बदल फायद्याचा वाटला. पण अल्प चाऱ्यावर, लांबच्या भटकंतीत व प्रतिकूल हवामानात तग धरण्याचा दख्खनी मेंढीचा गुण त्यात गमावला जातो, असे पशुपालनाच्या अभ्यासकांनी निदर्शनास आणले आहे. जातीची निवड ही चराईच्या पद्धतीपासून स्वतंत्र नसते, हे यातून स्पष्ट होते.

महाराष्ट्रात मांसोत्पादनाच्या दृष्टीने महत्त्वाचे संशोधन फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेत झाले. पश्चिम बंगालच्या सुंदरबन भागातील गरोळ या लहानखुऱ्या मेंढीमध्ये एका वेळी अधिक कोकरे देण्यास कारणीभूत असलेले जनुक आढळते. अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालमधून ऑस्ट्रेलियात गेलेल्या मेंढ्यांच्या द्वारे तेच जनुक तेथील बुरुला मेरिनोमध्ये पोहोचले, असे मानले जाते. निंबकर संस्थेने हे जनुक दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ हा जुळी कोकरे देणारा प्रकार विकसित केला. एकाच मेंढीपासून अधिक कोकरे हे लहान कळपासाठी निश्चितच उपकारक आहे. तथापि, जुळी कोकरे वाढविणाऱ्या मेंढीला गाभणपणाच्या शेवटच्या टप्प्यात व दुधाच्या काळात अधिक खुराक लागतो. ज्या ठिकाणी चाराच अपुरा आहे, तेथे जनुकाचा लाभ कोकरांच्या मरतुकीत वाया जाण्याचा धोका असतो.

लहान शेतीतील मेंढी : एक हिशोब

महाराष्ट्रातील शेतजमिनीच्या खातेदाराचे सरासरी धारणक्षेत्र १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ च्या कृषिगणनेत ते १.३४ हेक्टरवर आले. अशा शेतीवर जगणाऱ्या कुटुंबास कापसाच्या अनिश्चित उत्पन्नाला जोड हवी असते. वर्धा जिल्हा हा शेतकरी आत्महत्यांच्या संदर्भात २००६ मध्ये जाहीर झालेल्या पंतप्रधान पॅकेजातील विदर्भाच्या सहा जिल्ह्यांपैकी एक होता. त्या पॅकेजात पूरक उत्पन्नासाठी दुधाळ जनावरांचे वाटप झाले. चारा व पाणी यांची सोय नसलेल्या कुटुंबांना अधिक खाणाऱ्या संकरित गाई देण्यात आल्याबद्दल त्या वेळी बरीच टीका झाली. मेंढीविषयीच्या आजच्या योजनांचा विचार करताना हा अनुभव विसरता येत नाही.

वीस मेंढ्या व एक नर असा कळप उदाहरणादाखल घेतल्यास चाऱ्याचा हिशोब सहज मांडता येतो. प्रौढ दख्खनी मेंढीचे वजन साधारण २५ ते ३० किलो धरले आणि वजनाच्या ३ ते ४ टक्के शुष्क चारा तिला रोज लागतो असे मानले, तर दर मेंढीस दररोज सुमारे एक किलो शुष्क चारा हवा. एकवीस जनावरांना वर्षाकाठी साडेसात टनांहून अधिक, तर पावसाळ्याच्या चार महिन्यांत सुमारे अडीच टन शुष्क चारा लागेल. यात कोकरांचा हिस्सा धरलेला नाही. मेंढीचा गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा असल्याने हा चारा सतत व वेळेवर मिळणे आवश्यक असते.

दीड-दोन हेक्टरच्या वावरात हा चारा कोठून यावा? पूर्वी ज्वारीचा कडबा हे त्याचे उत्तर होते. सोयाबीन व कापूस यांच्या विस्ताराने ज्वारीचे क्षेत्र मागे हटले. सोयाबीनचे कुटार हलक्या प्रतीचे असते. तुरीचे व हरभऱ्याचे कुटार मेंढ्या आवडीने खातात, पण ते मर्यादित असते. जेथे सिंचन आले तेथे सोयाबीननंतर लगेच हरभरा वा गहू पेरला जातो आणि वावर मोकळे राहण्याचा काळ उन्हाळ्यापुरता उरतो. ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यांनी किरळ लागण्याचा धोका जुन्या मेंढपाळांना ठाऊक होता. त्याऐवजी आज कापसावरील कीटकनाशकांच्या अवशेषांची धास्ती असते. तत्कालीन आंध्र प्रदेशातील वरंगल जिल्ह्यात २००६ मध्ये कापसाच्या शेतात चरलेल्या मेंढ्यांच्या मृत्यूवरून बीटी कापसाविषयी मोठा वाद झाला. नियामक यंत्रणेने बीटी वाणाचा संबंध मान्य केला नाही. तरी कापसाच्या शेतातील चराई आता पूर्वीइतकी निर्धास्त राहिलेली नाही, हे त्यातून दिसून आले.

तथापि याच कापसाने अलीकडे मेंढीसाठी एक नवे निमित्त निर्माण केले आहे. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीचा विदर्भात मोठा प्रादुर्भाव झाला. तेव्हापासून फरदड न घेता शेवटच्या वेचणीनंतर पऱ्हाटीत शेळ्या-मेंढ्या चरण्यास सोडाव्यात, म्हणजे उरलेली किडकी बोंडे नष्ट होतील, असा सल्ला कृषितज्ज्ञ आग्रहाने देत आले आहेत. एके काळी खतासाठी ज्या कळपाला आमंत्रण होते, त्याची आता कीडनियंत्रणासाठी गरज आहे. शेतकरी व मेंढपाळ यांच्यातील तुटलेला व्यवहार पुन्हा जुळविण्याची ही संधी आहे. मात्र ती हिवाळ्याच्या उत्तरार्धापुरतीच आहे. पावसाळ्याचा प्रश्न तिने सुटत नाही.

बंदिस्त पद्धतीने कोकरांची वाढ करणे हा दुसरा पर्याय सुचविला जातो. दूध तुटलेल्या कोकरांना समतोल खुराक देऊन सहाव्या महिन्याच्या सुमारास २५ ते ३० किलो वजनापर्यंत नेता येते, असे अविकानगरच्या संशोधनात दिसून आले आहे. परंतु हे गणित खुराकाच्या किमतीवर व जातीच्या वाढक्षमतेवर अवलंबून असते. शिवाय आंत्रविषार, देवी, नीलजिव्हा यांसारख्या रोगांविरुद्ध वेळच्या वेळी लसीकरण न झाल्यास लहान कळपाचे संपूर्ण भांडवल काही दिवसांत नष्ट होऊ शकते. मोठ्या कळपाच्या मेंढपाळाला जी हानी सोसता येते, ती वीस मेंढ्यांच्या कुटुंबाला सोसता येत नाही.

योजना, कायदा आणि न्यायालय

जून २०१७ हा या इतिहासातील लक्षणीय महिना आहे. त्या महिन्यात तेलंगणाने पारंपरिक मेंढपाळ जातींना ७५ टक्के अनुदानावर प्रत्येकी वीस मेंढ्या व एक नर देण्याची व्यापक योजना सुरू केली आणि त्यासाठी शेजारच्या राज्यांतून मेंढ्यांची खरेदी केली. या योजनेतील गैरव्यवहारांची चौकशी पुढे २०२४ मध्ये सुरू झाली. त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने भटक्या जमाती ‘क’ प्रवर्गासाठी राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेस मान्यता दिली. तिच्यातील एकक तेच, वीस मेंढ्या व एक नर, आणि अनुदानही ७५ टक्के होते. दोन्ही राज्यांनी मेंढीचा प्रश्न प्रथमतः मेंढ्यांच्या संख्येचा प्रश्न मानला.

महाराष्ट्राच्या धोरणात पुढे एक महत्त्वाची भर पडली. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांसाठी पात्र मेंढपाळ कुटुंबास दरमहा ६,००० रुपये, म्हणजे एकूण २४,००० रुपये चराई अनुदान देण्याची तरतूद झाली. पावसाळ्यातील चार महिने हा या व्यवसायाचा कळीचा काळ आहे, याची ही शासकीय कबुलीच होय. एकवीस मेंढ्यांच्या कळपावर ही रक्कम विभागल्यास दर मेंढीस दररोज सुमारे नऊ-साडेनऊ रुपये पडतात. रक्कम पुरेशी आहे की नाही हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी एक मूलभूत बदल ध्यानात येतो : जो आधार पूर्वी जमिनीच्या रूपाने होता, तो आता रोख अनुदानाच्या रूपाने दिला जात आहे. अनुदान अर्जावर, उपलब्ध तरतुदीवर व दरवर्षीच्या निर्णयावर अवलंबून असते; चराईचा हक्क तसा नसतो.

हक्काच्या बाजूने पाहता २००६ चा वनहक्क कायदा महत्त्वाचा ठरतो. त्याच्या कलम ३(१)(घ) मध्ये स्थायी व फिरत्या चराईचा आणि भटक्या व पशुपालक समाजांच्या हंगामी प्रवेशाचा समावेश आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून या कायद्याची शक्यता दाखवून दिली. मात्र कुरमार व धनगर हे महाराष्ट्रात अनुसूचित जमातींत मोडत नाहीत. ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून त्यांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. ज्यांचे जगणेच हंगामी फिरस्तीचे, त्यांच्याकडे अशा पुराव्याचे कागद कोठून असावेत? मालगुजारीच्या काळात पाहुणा ठरलेला मेंढपाळ येथेही पुराव्याअभावी पाहुणाच ठरतो.

या पार्श्वभूमीवर २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाद्वारे दिलेला झुडपी जंगलविषयक निकाल विशेष महत्त्वाचा आहे. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या सहा जिल्ह्यांतील सुमारे ८६,४०९ हेक्टर जमीन या वादाच्या केंद्रस्थानी होती. १९९६ च्या आदेशाला अनुसरून झुडपी जंगल जमिनी वन मानल्या जातील, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. त्याच वेळी १२ डिसेंबर १९९६ पूर्वी झालेल्या वाटपांबाबत दिलासा देण्यात आला. दीर्घकाळ त्या जमिनींवर घरे व सार्वजनिक इमारती असलेल्यांच्या दृष्टीने हा निकाल आश्वासक होता आणि उरलेल्या झाडोऱ्याचे बेकायदा वाटपापासून रक्षण होणे हेही हिताचेच आहे. परंतु चराईच्या दृष्टीने आता वन खात्याची भूमिका निर्णायक ठरणार आहे. वनाचा दर्जा मिळाल्याने चराई आपोआप संपुष्टात येत नाही. तिचे नियमन करणारा अधिकारी मात्र बदलतो. अशा जमिनी कुंपण घालून वृक्षलागवडीखाली आणल्या गेल्या, तर निस्तार पत्रकात चराईसाठी नोंदलेली जमीन चराईस बंद होईल. गवताळ झुडपी प्रदेश हा बिघडलेले जंगल नसून स्वतंत्र परिसंस्था आहे, हा परिसरविज्ञानातील विचार येथे स्वीकारला जाणे आवश्यक आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पूर्व विदर्भातील मेंढीपालन हे लोकर, खत व मांस अशा तीन आधारांवर उभे होते. घोंगडीचा ऱ्हास आणि रासायनिक खतांचा प्रसार यांमुळे मांस हा एकमेव आधार उरला. मेंढपाळाची चराई ही लेखी हक्काऐवजी परस्पर गरजेवर टिकून असल्याने, ती गरज कमी होताच त्याचे स्थान दुर्बल झाले. वनकायदे, मालगुजारी, झुडपी जंगलाचा वाद या प्रत्येक टप्प्यावर चराई हा दुय्यम विषय मानला गेला आणि त्याची झळ मुख्यतः पावसाळ्याच्या चार महिन्यांना बसली.

लहान शेतकऱ्याने मांसासाठी मेंढ्या पाळणे हे आज मेंढपाळाची परंपरा व शेतकऱ्याची गरज यांचा संगम म्हणून मांडले जाते. तो संगम शक्य आहे. पण दोघांपुढील अडचण एकच आहे. मेंढपाळाकडे जनावराचे ज्ञान आहे, जमीन नाही. लहान शेतकऱ्याकडे जमीन आहे, पण कळपास पुरेल इतका चारा नाही. दोघांनाही सामायिक जमिनीची आवश्यकता आहे. ग्रामसभेच्या संमतीने निस्तार पत्रकातील चराईच्या नोंदींची फेरतपासणी, झुडपी जंगलांच्या व्यवस्थापनात हंगामी चराईस स्थान, पऱ्हाटीतील चराईसाठी शेतकरी व मेंढपाळ यांच्यात गावपातळीवर करार, आणि ज्वारी व कडधान्यांच्या पिकांस चाऱ्याच्या दृष्टीनेही प्रोत्साहन, या दिशेने विचार झाल्यास अनुदानातून मिळालेल्या वीस मेंढ्या पुढील पावसाळ्यानंतरही त्या कुटुंबाकडे राहू शकतील. जाम परिसरातील शेतकरी आणि मेंढपाळ यांच्यासाठी हाईवरून वाहणारा बाजार नवीन नाही आणि दूरही नाही; तेथपर्यंत नेण्यासाठी मेंढी जगविणारी जमीन गावातच शिल्लक ठेवणे, हा या इतिहासाने समोर ठेवलेला खरा प्रश्न आहे.